गाठीची परीक्षा आणि बाईचे आयुष्य



स्तनाच्या कर्करोगावर बोलावयास डॉक्टर सोडून कामगार संघटनेच्या माणसाला का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेचे शिक्षण फार लवकर आटोपले. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दावे आणि अर्ज यांच्यामधून उरलेल्या वेळात. हा विषयही आमच्याकडे पुस्तकातून आला नाही, तो आजारपणाच्या रजेच्या अर्जांतून आला. अर्जाला जोडलेल्या कागदांवर 'ई. आर. पॉझिटिव्ह', 'पी. आर. निगेटिव्ह', 'हर-टू निगेटिव्ह' असे शब्द असावयाचे, आणि कागद घेऊन आलेली बाई विचारावयाची, "दादा, हे चांगलं का वाईट?" उत्तर देणे भाग होते, म्हणून आम्ही शोधावयास लागलो. त्या शोधात जो इतिहास हाती लागला तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कागदावर 'पॉझिटिव्ह' दिसले की आपल्याकडे घरात रडारड सुरू होते. एड्सच्या आणि मागाहून कोरोनाच्या दिवसांत या शब्दाने लोकांना तसेच शिकविले. येथे मात्र गोष्ट उलटी आहे. ई. आर. पॉझिटिव्ह म्हणजे गाठीला एक कान आहे, आणि तो कान आपल्याला बंद करता येतो.

कान कसला, हे कळावयास शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेले पाहिजे. ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली एक वृत्तांत छापला. तेहेतीस वर्षांची एक स्त्री, रोग छातीवर पसरलेला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. बीटसनांनी स्तनाला हात न लावता तिची अंडाशये काढली. काही महिन्यांत गाठी विरून गेल्या आणि ती बाई पुढे जवळजवळ चार वर्षे जगली. ही कल्पना त्यांना सुचली कोठून? दुभत्या जनावरांवरून. काही देशांत गाय व्याल्यानंतर तिची अंडाशये काढून तिला अधिक काळ दुभती ठेवण्याची शेतकऱ्यांची रीत होती, तिचा उल्लेख त्यांनी स्वतःच केला आहे. अंडाशय आणि स्तन यांचा आतून काही धागा असला पाहिजे, हे गोठ्यातील माणसांना ठाऊक होते. विद्येने ते त्यांच्याकडून उचलले. आमच्यासारख्यांना ही गोष्ट सुखावते, हे कबूल केले पाहिजे.

पण लवकरच अडचण दिसून आली. इतरांनी तीच शस्त्रक्रिया करून पाहिली, तेव्हा साधारण तीन बायकांत एकीलाच गुण आला. उरलेल्या दोघींची अंडाशये फुकट गेली. कोणती एक आणि कोणत्या दोन, हे आधी सांगणे कोणालाही शक्य नव्हते. साठ-पासष्ट वर्षे हे असेच चालले. मध्यंतरी मूत्रपिंडावरील ग्रंथी काढावयाच्या, मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढावयाची, असे त्याहून भयंकर उपाय निघाले. त्यांतही हाच तीनास एक हिशेब. दोन बायकांना विनाकारण कापून तिसरीला वाचविणे, असा हा व्यवहार होता.

कोडे सोडविले ते शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि ते लहान उंदरिणींच्या अंगात सोडून कोठे जाते ते पाहिले. रक्तातून ते सर्वत्र फिरे, पण ठरून राही ते गर्भाशयासारख्या काही अवयवांतच. त्या अवयवांच्या पेशींत त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. त्यालाच 'रिसेप्टर' हे नाव मिळाले.

परळ-लालबागच्या श्रोत्यांना हे एका वाक्यात सांगता आले असते. गिरणीचा भोंगा सगळ्या वस्तीत वाजतो. शेजारचा शिंपीही तो ऐकतो आणि मशीन चालवीत राहतो. उठून दरवाज्याकडे निघतो तो गिरणीत नाव असलेला कामगार. इस्ट्रोजेन हा भोंगा, आणि रिसेप्टर म्हणजे त्या हाकेला उठणारा कान. स्तनाच्या काही गाठींतील पेशींना हा कान असतो. भोंगा वाजला की त्या वाढीच्या कामाला लागतात. काही गाठींना तो नसतो. त्या कोणाच्या हाकेवाचून, आपल्याच मनाने वाढतात. पहिल्या प्रकारात भोंगा बंद केला तर काम थांबते. दुसऱ्या प्रकारात भोंगा बंद करून काय होणार? बीटसनांच्या तीन बायकांचे कोडे एवढेच होते. रिसेप्टर भरपूर असलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिकींना संप्रेरकाच्या उपायाने गुण येतो, आणि तो नसलेल्यांत शंभरातून दहाजणींनाही येत नाही, हे १९७० नंतरच्या दशकात पक्के ठरले. त्या दिवसापासून निष्फळ शस्त्रक्रिया थांबल्या. रिसेप्टरच्या परीक्षेचा पहिला उपकार कोणता, तर तिने पुष्कळ बायकांना डॉक्टरांच्या सुरीपासून वाचविले.

हे सारे परदेशांत चालले असता आपल्याकडे काय होते? परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. गिरण्यांच्या धुराड्यांत उभे राहिलेले हे रुग्णालय १९६२ साली भारत सरकारच्या अणुशक्ती खात्याकडे गेले. तेथील रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एक पिढी घडविली. त्या पिढीतील एक नाव आज येथे मुद्दाम घेतले पाहिजे, कारण महाराष्ट्रात ते जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही.

कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, यांचा जन्म १९१७ साली पुण्यास झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलीचा ओढा निराळा. तिने एम. एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातील झाडांच्या गुणसूत्रांवर! मग मुंबईस येऊन खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली तिने डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या शिकून त्या परत आल्या, आणि देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांत स्तनाचा कर्करोग का होतो, त्यात आनुवंशिकता किती, संप्रेरके किती, विषाणू किती, हा त्यांचा जन्माचा प्रश्न होता. म्हणजे जेन्सन उंदरिणीच्या गर्भाशयात संप्रेरक शोधीत होते त्याच काळात मुंबईत एक मराठी बाई उंदरिणीच्या स्तनात त्याचीच करणी तपाशीत होती. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि उतारवयात त्या कोठे गेल्या म्हणाल तर अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करावयास. प्रयोगशाळेतून आदिवासी पाड्याकडे जाणारी वाट असते, हे त्यांनी चालून दाखविले.

आता औषधाकडे वळू. इंग्लंडातील आय. सी. आय. या रसायन कंपनीत डोरा रिचर्डसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईने १९६२ साली एक पदार्थ बनविला. कंपनीला हवी होती ती संततिनियमनाची गोळी. त्या कामी तो पदार्थ अगदी निरुपयोगी ठरला. उलट त्याने बीजनिर्मितीला चालनाच मिळे. कंपनीला पुढे त्यात फारसा नफाही दिसेना. पण त्या गटाचे प्रमुख आर्थर वॉलपोल यांना कर्करोगात रस होता, म्हणून तो मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात गेला आणि १९७१ साली तेथून पहिला अनुकूल अहवाल आला. तेच टॅमॉक्सिफेन. भोंगा ते बंद करीत नाही. ते कानात बोळा घालते. रोज एक गोळी, पाच वर्षे.

या गोळीने किती फरक पडतो ते ऐका. एकवीस हजारांहून अधिक स्त्रिया असलेल्या वीस चाचण्यांचा एकत्र हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. रिसेप्टर असलेल्या गाठींत पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि पंधरा वर्षांपर्यंत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. रिसेप्टर नसलेल्या गाठींत फरक शून्य. २०१३ साली असेही दिसून आले की गोळी दहा वर्षे चालू ठेवली तर आणखी लाभ होतो. काही रुपयांची ही गोळी आहे. एवढ्या स्वस्तात एवढी आयुष्ये वाचविणारे औषध कर्करोगात दुसरे आम्हांस आढळले नाही.

तिसरा शब्द हर-टू. तोही एक कानच, पण निराळ्या हाकेचा. त्याचे उंदरातील भावंड १९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत सापडले, आणि ते शोधणाऱ्यांत मुंबईहून तिकडे गेलेले लक्ष्मीचरण पाढी हे अग्रणी होते. १९८७ साली डेनिस स्लेमन यांनी दाखविले की ज्या गाठींत हा रिसेप्टर बेसुमार वाढलेला असतो त्या बायका लवकर दगावतात. त्यावर ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाले, आणि वाईट दैवाची खूण औषधाचे लक्ष्य बनली. पण आपल्याकडे त्याच्या एका कुपीची किंमत लाखाच्या घरात होती आणि कुप्या वर्षभर लागावयाच्या! २०१३ साली मूळ कंपनीने येथील पेटंटचा हट्ट सोडला, त्याच वर्षी बंगलोरच्या कंपनीच्या औषधाला मंजुरी मिळाली, आणि भाव उतरू लागला. तरीही मजुराच्या खिशाशी त्याची गाठ पडणे अजून कठीणच आहे.

तिन्ही कान नसतील तर? डॉक्टर त्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. तिला टॅमॉक्सिफेनची गोळी लागू पडत नाही. मुख्य आधार शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि जरूर तर किरणोपचार यांचा. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे पहिला कान असून हर-टू वाढलेला नाही अशा शंभर बायकांपैकी, इतर कारणांचे मृत्यू वगळता, पाच वर्षांनी सुमारे पंचाण्णव हयात असतात. ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याहत्तर. मात्र येथे एक बारकावा आहे. ट्रिपल निगेटिव्ह गाठ उलटावयाची ती बहुधा पहिल्या तीन-चार वर्षांत उलटते. पाच वर्षे सुखरूप गेली तर पुढचा धोका बराच ओसरतो. रिसेप्टर असलेली गाठ उलट लांब दम धरणारी; ती दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षीही डोके वर काढू शकते. म्हणून पॉझिटिव्ह बाईने पाच वर्षे झाली म्हणून डॉक्टरकडे पाठ फिरवू नये, आणि निगेटिव्ह बाईने पहिल्याच दिवशी आशा सोडू नये.

येथवर जे सांगितले ते जगाचे झाले. आता आपल्या दारचा प्रश्न घेऊ. आमच्या मते तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

२००० साली टाटा रुग्णालयातील ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर सुमारे एक तृतीयांश गाठींतच मिळाला. पाश्चात्य देशांत हे प्रमाण दोनतृतीयांशांच्या पुढे जाते. मग हिंदुस्थानातील बायकांची गाठ मुळातच निराळी, तिला कानच कमी, असा समज रुजला. त्यात काही तथ्य आहेच. आपल्याकडे हा रोग तुलनेने तरुण वयात दिसतो, आणि तरुण वयातील गाठी अधिक वेळा निगेटिव्ह निघतात; ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाणही आपल्याकडे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत भरते, तिकडे ते सातवा-आठवा हिस्सा असते. पण त्याच अभ्यासात एक आकडा डोळ्यांत खुपतो. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर जवळजवळ ४६ टक्के गाठींत सापडला, म्हणजे इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरपेक्षा अधिक! वस्तुतः दुसरा रिसेप्टर तयार होतो तो पहिल्याच्या हुकमाने. मालक गैरहजर आणि त्याच्या सहीची पत्रे मात्र टेबलावर, असा हा प्रकार झाला. मालक आला होता. हजेरीपटावर त्याची नोंद पडली नाही.

नोंद का पडत नाही? गाठ काढल्यावर तिचे पुढे काय होते ते पाहा. शरीराबाहेर आलेले मांस तत्काळ बिघडू लागते. ते तासाभराच्या आत कापून, दहा टक्के फॉर्मलिनच्या भरपूर द्रावणात, किमान सहा तास आणि फार तर बहात्तर तास ठेवावे, असा दंडक अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१० साली घालून दिला. बरणी लहान, द्रावण कमी, गाठ अखंडच टाकलेली, मध्ये रविवार आलेला, अशी स्थिती असली की रिसेप्टर नष्ट होतो अथवा दिसेनासा होतो, आणि कागदावर उमटते 'निगेटिव्ह'. टाटा रुग्णालयानेच २००९ साली आपल्या आठ वर्षांच्या नोंदी तपासून मांडल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक गाठी रिसेप्टर असलेल्या निघाल्या. थोडक्या वर्षांत बायका बदलल्या नव्हत्या. तपासण्याच्या पद्धती आणि मोजण्याच्या रीती बदलल्या होत्या. आफ्रिकेतील अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१४ साली निघाला त्यातही हेच: जुन्या साठवलेल्या ठोकळ्यांवर तपासणी केली तर पॉझिटिव्ह कमी, काळजीपूर्वक ताजे घेतलेल्या नमुन्यांत जास्त.

झरी हे गाव या व्यासपीठावरून कोणाला ओळखवावयास नको. तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या आणि आज तलासरी तालुक्यात असलेल्या या गावी २३ मे १९४५ रोजी शामराव व गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर जो लढा पेटला तो गवत कापण्याच्या मजुरीचा. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि इतर चारजण पडले. मागणीचे शब्द नीट ऐका: इतक्या वजनाला इतके पैसे. केवळ मजुरी वाढवा असे नव्हे, तर माप ठरवा. माप दुसऱ्याच्या हाती आणि मनमानी असले की कष्ट खरे असूनही पदरी काही पडत नाही, हे त्या निरक्षर माणसांना पुरते कळले होते.

रिसेप्टरची परीक्षा हेही एक मापच आहे. झरीच्या बाईच्या गाठीला कान असेलही. पण गाठ कोठल्या गावी, कोणत्या बरणीत, किती तास राहिली, यावर तिला गोळी मिळणार की नाही ते ठरावयाचे असेल, तर काही रुपयांच्या औषधावाचून ती जाईल आणि कागद म्हणेल की गाठच तशी होती. आमच्या संघटनेतील एका भगिनीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले. एका खाजगी प्रयोगशाळेने निगेटिव्ह लिहून दिले. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी तपासावयास सांगितले, तेव्हा रिसेप्टर स्पष्ट निघाला. पाच महिने गेले होते. ती आज गोळी घेते आणि कामावर येते.

गोळी मिळाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. पाच वर्षे म्हणजे अठराशेहून अधिक दिवस. आमच्या भागातील कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर गोळी संपली तर कोण देणार? त्यातून या गोळीने अंगात झळा येतात, सांधे धरतात, पाळी बिघडते. आपण बऱ्या असताना हे कशाला सोसावयाचे, असे बाईला वाटले तर तिला दोष देता येत नाही. पण गोळी मध्येच सोडणाऱ्यांत मृत्यू वाढतात, हे सिद्ध झालेले आहे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगासाठी मजुरीच्या ऐंशी टक्के भत्ता दीर्घकाळ मिळण्याची सोय आहे. मात्र त्याला दोन वर्षांची विम्याखालची नोकरी लागते. उंबरगाव-सरीगामकडच्या कारखान्यांत कंत्राटदार दर काही महिन्यांनी नाव बदलून घेतो त्या बाईची ती दोन वर्षे कधी भरत नाहीत. भट्टीवरच्या बाईचे तर नावच नसते. देशातील अकरा नोंदणी केंद्रांचा हिशेब २०२४ साली आला, त्यात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ६६.४ टक्के, आणि अरुणाचलातील पासीघाटला ४१.९. हा फरक एकट्या रिसेप्टरने पडला असे आम्हांस वाटत नाही.

गाठ लवकर सापडणे हा निराळा विषय आहे, तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे, दीड लाखांहून अधिक बायकांवर, एक प्रयोग केला. थोडे शिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासावयाचे, एवढाच तो. २०२१ साली निष्कर्ष आला. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायकांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही. यंत्र नाही, विजेचा दिवा नाही, हात आणि वेळ! अशा सेविका आपल्या पाड्यांवर आजही आहेत.

तेव्हा ज्या घरात हा रोग आला असेल त्यांनी काय करावे, असे कोणी विचारील. शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे की गाठ कोठे तपासणार आणि किती तासांत बरणीत जाणार. तिन्ही तपासण्यांचा कागद मागून घ्यावा. मेणाचा जो ठोकळा करतात तो रुग्णाचा आहे. तो जपून ठेवावा, कारण निगेटिव्हबद्दल शंका आली तर वर्षांनंतरही त्याच ठोकळ्यावर दुसरीकडे तपासणी करून घेता येते. आमच्या कचेरीत रजेच्या अर्जांच्या फाइलीबरोबर आता अशा कागदांचीही एक फाइल आहे, आणि कोणाला ठोकळा घेऊन परळला जावयाचे असेल तर डहाणूहून सकाळच्या गाडीला बरोबर माणूस देण्याची व्यवस्था आम्ही केलेली आहे.